पहिल्या संगणकावरच्या सतरा नोंदण्या

पांढरकवड्याच्या कापूस नोंदणीचा तो तपास इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही. बोंडअळीने अर्धे पीक नेलेला हंगाम होता. उरलेला कापूस हमीभावाने विकायला ऑनलाइन नोंदणी लागे. मोबाइलवर तारीख आली की गाडी भरायची.

खरेदी केंद्रावरच्या एका मापाऱ्याने आमच्या पोलीस ठाण्यात खबर दिली. शेतकरी संदेशाची वाट पाहत घरी बसले आहेत आणि त्यांच्या नावावर भलतेच लोक कापूस घालून जात आहेत. आम्ही नोंदी मागवल्या. सतरा अर्जांतले मोबाइल क्रमांक बदललेले निघाले. लॉगिन एकच, बसस्थानकाजवळ सेवा केंद्र चालवणाऱ्या बाईंचे.

सेवा केंद्राला सील लागले. बाईंना जबाबासाठी आणले तेव्हा ठाण्याच्या फाटकाशी कोणीतरी टोमणा मारला, आता कापसाचा धंदा करता का म्हणून. मलाही त्याच दोषी वाटत होत्या. अटकेच्या कागदावर फक्त माझी सही बाकी होती.

पासवर्ड कोणाला दिला नाही, एवढेच त्या तीन तास सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, मी तं साधं ब्राउझर वापरतच नाही. अँटिव्हायरससोबत त्याचंच सुरक्षित ब्राउझर आलं, त्याच्यातच अर्ज भरतो. एवढं जपून केलं, तरी माह्यावरच आलं."

"दोन्ही संगणकांवर?"

"नाही, एकावरच. दुसरा जुना आहे, त्याच्यात ते चालत नाही."

मी पेन खाली ठेवले. कोणता अर्ज कोणत्या संगणकावर भरला, हे त्यांच्या वहीत होते. मी दोन रकाने आखले. पहिल्या, म्हणजे सुरक्षित ब्राउझरच्या संगणकावर एकशे बारा अर्ज, दुसऱ्यावर शहाण्णव. बदललेले सतराही पहिल्यावरचे.

संगणक यवतमाळच्या सायबर शाखेकडे पाठवला. ब्राउझरमध्ये एका पानाला शेजारच्या पानात हात घालता येऊ नये, अशी आड असते. या 'सुरक्षित' ब्राउझरमध्ये ती आडच नव्हती. आणि शेजारी एक पान दिवसभर उघडे असे. आमच्याकडचा शेतकरी कागद काढण्याआधी आजचा भाव विचारतो, म्हणून कापसाच्या भावाचे पान दोन्ही संगणकांवर कायम लावलेले. ते लावून देणारा एक दलाल होता. ही फट ठाऊक असलेला प्रोग्रॅमर त्याने नागपुरात गाठला होता. भावाच्या पानातून शेजारच्या अर्जातला मोबाइल क्रमांक गुपचूप बदलला जाई, म्हणजे तारखेचा संदेश दलालाकडे येई. नवे सतरा क्रमांक त्याच्याच मजुरांच्या नावावर निघाले. यादी पुढे ठेवल्यावर त्याने कबुली दिली. आम्ही कळवल्यावर अँटिव्हायरसच्या कंपनीने दुरुस्ती पाठवली, आणि त्या सतरा जणांना नव्या तारखा मिळाल्या.

संशय चारचौघांत घेतला जातो, निर्दोष ठरल्याचा कागद मात्र फायलीत पडून राहतो, हे मला या प्रकरणाने शिकवले. म्हणून बाजाराच्या दिवशी मी गणवेशात केंद्रावर गेलो, सील काढले आणि जमलेल्यांना सांगितले, की बाईंची काही चूक नव्हती, आमचा संशय चुकला.

मग एका म्हाताऱ्याने पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, माही नोंदणी करून द्या. पण आधी आजचा भाव सांगा."


बाई हसल्या आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले.