तेलाच्या हातात न सुटणारी मूठ

बायको वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही कुकरची दांडी बसवली. तिनं कुकर धरला, मी सुरीच्या टोकानं स्क्रू आवळला. "सुरीचं वाटोळं करताय. एक स्क्रू ड्रायव्हर आणा की!" ती म्हणाली.

ती गेल्यावर दांडी परत ढिली झाली, म्हणून सातपूरला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथं माझ्याच वयाचा एक म्हातारा बायकोला घेऊन आलेला. दुकानदारानं त्यांना स्क्रू ड्रायव्हरचा चकचकीत मोठा सेट दाखवला. म्हाताऱ्यानं तो बाजूला सारला आणि साध्या सेटमधला एकेक स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिनं तळवा आपल्या तेल लावलेल्या केसांवरून फिरवला आणि मूठ पिळून पाहिली.

"ही सुटत नाय. हाच घ्या."

तो माझ्याकडं बघून हसला. "हिच्या हातात टिकलं ते कुठंबी टिकतं. मीच बघा ना!"

"गप बसा, लोकं ऐकतात."

माझी आतून आग झाली. त्याचं काही वाईट व्हावं असं नाही, पण तो हसायला नको होता. तसलाच सेट घेऊन मी घरी आलो.

सकाळी माझ्या बायकोच्या बाटलीतलं खोबरेल तळव्याला चोळलं आणि मूठ पिळली. सुटली नाही. मग कुकर गुडघ्यांत धरला आणि स्क्रू आवळला.