इस्त्री केलेला सूर

बेंगळुरूमधल्या जयनगरच्या मराठी मंडळात गणपती बसला की पहिलं पद अनुसूयाअक्कांनी म्हणायचं, हे ठरलेलंच होतं. त्यांच्याआधी त्यांची आत्या कृष्णाबाई म्हणायची. चाल तीच. सूर एका जागी उभा म्हणून राहायचा नाही. वाऱ्यातल्या दिव्यासारखा हलत हलत पुढे सरकायचा. पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेल्या घरांचं गाणं ते. शब्द मराठी, डोलणं इथलं.

त्र्याण्णव साली मंडळात पुण्याहून नोकरीसाठी आलेली मंडळी वाढली आणि त्यांच्यातला शरच्चंद्र चिटणीस झाला. माणूस कामसू, जिभेवर साखर. अक्कांचं पद संपल्यावर तो हसत म्हणाला, "अक्का, बाप्पा आत्ता कुठे येऊन टेकलाय, आणि तुम्ही त्याला पाळण्यात घालून झोपवलंत की!"

सगळे हसले. जुन्या घरांतलेही हसले. अक्कांना तेच लागलं.

"आवाज फर्स्टक्लास आहे हो तुमचा," तो म्हणाला. "फक्त सूर स्वच्छ लावा. किती वर्षं तेच ते? कलाकारानं बदलायला नको?"

"त्याचं काय मनावर घेतीस," घरी शेषगिरीराव बायकोला म्हणाले. पण पहिलं पद हातचं जाऊ द्यायची अक्कांची तयारी नव्हती. ते गेलं तर मंडळात त्या कोण? हळदीकुंकवाला येऊन ओटी घेऊन जाणाऱ्या बायकांतली एक.

त्या सुचेताकडे शिकायला जाऊ लागल्या. सुचेता मुलीच्या वयाची, पुण्यात रीतसर शिकून आलेली. तंबोरा लावून ती म्हणायची, "अक्का, त्या सुरावर स्वल्प थांबा ना." भाजीवाल्याकडून उचललेला 'स्वल्प' हा तेवढा एकच कानडी शब्द तिच्याकडे होता. अक्का थांबायच्या, पण हात डोलायला लागायचा आणि हातामागे गळा. शेवटी सुचेतानं हात मांडीखाली दाबून बसायला सांगितलं. पन्नाशी उलटलेली बाई शाळकरी पोरीसारखी हात दाबून बसायची, मुंग्या येईपर्यंत.

हळूहळू सूर उभा राहिला.

"सुरास इस्त्री करून आणलीस बघ," शेषगिरीराव म्हणाले. अक्का हसल्या नाहीत. उत्सवात मात्र टाळ्या पडल्या. "आता कसं!" शरच्चंद्र म्हणाला. पहिलं पद अक्कांकडेच राहिलं.

सत्त्याण्णव साली तोच शरच्चंद्र पेढे घेऊन घरी आला. "अक्का, यंदा पुण्याहून एक अभ्यासक येतायत. जुनी गाणी जमवतात. तुमचं ते पूर्वीचं म्हणा, हलवून हलवून. आपली बेंगळुरी परंपरा!"

"तूच पाळणा म्हणाला होतास, बाबा."

"मी? काहीतरीच काय, अक्का!" त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

अक्का रोज बसू लागल्या. हात मांडीखालून काढून मोकळा ठेवला. तो नुसता पडून राहिला. गळा सुरापाशी जायचा आणि शहाण्या मुलासारखा उभा राहायचा. मुद्दाम हलवला, तर कुणीतरी कृष्णाबाईची नक्कल करतंय असं वाटायचं.

उत्सवात पाहुण्यांनी डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली आणि पहिल्याच कडव्यात उघडले. नंतर ते हलक्या आवाजात शरच्चंद्राला म्हणाले, "हे आमच्याकडचंच की. जरा कच्चं. जुनं म्हणणारं कुणी उरलं नाही का?"

"काय सांगू," शरच्चंद्र म्हणाला, "या जुन्या लोकांनी काही जपलंच नाही हो."

अक्का दोन हातांच्या अंतरावरच बसल्या होत्या. त्यांनी प्रसादाचा द्रोण नीट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या तेव्हा स्वयंपाकघरात शेषगिरीराव कॉफी गाळत होते. गाळता गाळता तेच पद गुणगुणत होते. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फक्त लग्न झाल्यापासून दरवर्षी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. आवाज फाटका, पण सूर हलत होता. कृष्णाबाईचा हलायचा तसाच.

अक्का दारात थबकल्या.

"अहो, हलवू नका एवढं," त्या म्हणाल्या. "सूर उभा धरा."

बोलून गेल्यावर त्यांना आपलेच शब्द ऐकू आले.

शेषगिरीरावांनी गाळणी बाजूला ठेवली. "सरी, बरं," म्हणाले, आणि कॉफीचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

त्यानंतर ते त्या घरात गुणगुणले नाहीत.