देवाची घागर

कडाव गावात भाताची आवणी सुरू झाली की ज्या घरात नारू निघालेला असे, त्या घराचं शेत मागे राही. भिवाजी लागोपाठ दोन पावसाळे खाटेवर होता. पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला, तर पाय सुजून आत पू होई. त्याची बायको बायजा चिखलात वाकून एकटीच रोपं लावी. नवऱ्याचं दुःख तिला होतंच, पण रात्रंदिवस धास्ती होती ती लेकीची. अनशी नुकती पाऊल टाकू लागली होती. या पायांना नारू लागू द्यायचा नाही, एवढं एकच बायजानं मनाशी धरलं होतं.

ही एकोणीसशे चोवीस-पंचवीसच्या सुमाराची गोष्ट. कर्जतहून देवी टोचायला येणारा माणूस त्या साली ओटीवर बसून म्हणाला, “किडा पाण्यातून पोटात जातो. ज्याचा पाय फुटलाय, तो थंड वाटावं म्हणून तुमच्या बावेत, त्या पायऱ्यांच्या विहिरीत, पाय सोडून बसतो. तिथंच सगळं बिघडतं. आज पिलेलं पाणी पुढल्या साली पायातून निघतं.”

माणसं हसली. बायजानं दाराआडून विचारलं, “मंग पाणी प्यायचं तरी कसं?”

“उकळा. नायतर दाट फडक्यातून गाळा.”

सात माणसांचं पाणी उकळायला पावसात कोरडी लाकडं कुठून आणायची? भिसेगावात एका घरी तिनं एकावर एक ठेवलेली तीन मडकी पाहिली होती, वरच्या दोहोंत वाळू आणि कोळसा. तिनं तशी मांडून बघितली. दिवसभरात तांब्याभर पाणी ठिबकलं, आणि शेतावरून आलेल्या दिरानं ते एका घोटात संपवलं. निवळीचं बी मडक्याच्या आत घासलं की गढूळ पाणी काचेसारखं होई. पण बावेचं उन्हाळ्यातलं पाणीही काचेसारखंच दिसे, आणि नारू त्यातूनच येई. उरलं फडकं. दुकानातला मांजरपाट तिनं उजेडाला धरला, तर आरपार भोकं दिसली. तिचं लग्नातलं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं होतं, वीण मात्र घट्ट होती. तिनं ते फाडलं, चौपदरी केलं आणि वरची बाजू रोज वरच राहावी, अडकलेलं पुन्हा पाण्यात उतरू नये म्हणून एका कोपऱ्याला गाठ मारली.

बावेवर बाया हसत. “बायजा पाण्याला लुगडं नेसवतेय गं! आता चोळी कवा शिवणार?”

“तुमच्या नवऱ्यांच्या पायातली काडी सुटली की शिवते,” बायजा म्हणे.

घरात अडवलं ते सासूनं, चिंधीनं. पहाटेची पहिली घागर देवाची. “तुजं नेसलेलं लुगडं. त्यातनं देवाचं पाणी गाळशील? मी जित्ती हाय तवर नाय.”

“ऱ्हाऊ दे की,” भिवाजी म्हणाला. “देवाला कुठं नारू व्हायला पाय हायती?”

बायजाही हसली. देवाची घागर देव्हाऱ्याशी वेगळी राहिली.

पहिलं साल मागच्या पाण्याचं होतं, ते भोगून झालं. दुसऱ्या साली भिवाजी आवणीला उभा राहिला. बावेवरच्या दोघीतिघी गाठ कशी मारायची ते विचारून गेल्या. अनशी बांधावरून पळू लागली.

त्यानंतरच्या चैत्रात ती दुपारी रडत आली. “आये, जळतंय.” गुडघ्याखाली फोड होता.

बायजानं तिला दंडाला धरून हलवलं. “बावेवर पिलीस? कुणाच्या घरी पिलीस?”

“नाय गं आये, नाय.”

तिनं पोरीला मारलं. मग तिला पोटाशी धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून चिंधी पळी घेऊन आली. घोंगडीवर पडल्या पडल्या अनशीनं हात पुढे केला, रोज करायची तसाच. चिंधीनं तीर्थ ओतलं.

“आत्या,” बायजा म्हणाली, “ह्ये त्याच घागरीतलं?”

“देवाचं हाय.”

 चिंधी पोरीच्या फोडाकडे बघत राहिली. हातातली पळी तिनं हळूच खाली ठेवली.

किडा काढण्यात चिंधीचा हात गावात कुणी धरत नसे. नातीच्या पायाला तिनं दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ काडी फिरवताना ती श्वाससुद्धा जपून घेई. एका सकाळी अनशीनं कळ लागून पाय झटकला, आणि दोरा तुटला.

गुडघा भोपळ्याएवढा सुजला. पाला, पोटीस, कर्जतच्या डॉक्टराची सुरी, सगळं झालं. आषाढात सूज उतरली, पण गुडघा वाकलेलाच राहिला. अनशी मांडीवर हात दाबून, कमरेतून कलत चालू लागली. तशीच ती पुढे आयुष्यभर चालली.

“बायजे,” एकदा चुलीशी चिंधी म्हणाली, “देव असं करंल का गं?”

“देवानं नाय केलं, आत्या.”

मग कुणी केलं, ते चिंधीनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं स्वतः घागर आणली आणि फडक्यावर धरली. बायजानं खालून आधार दिला. पाणी गाळून झालं. पूजा झाली. चिंधी ताम्हन घेऊन अनशीजवळ गेली. अनशीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

 चिंधीनं ते तीर्थ तुळशीत ओतलं.