रिकामे फोल्डर

परवा परळीजवळ गाडीत साखर कारखान्याच्या मळीचा आंबट वास शिरला आणि जुनी कचेरी आठवली. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात कारखान्याशेजारच्या आमच्या सहकारी संघाच्या कचेरीत दिवसभर हाच वास असायचा. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचे.

चेअरमननी चारा छावण्यांची माहिती गाववार ठेवायला सांगितली, म्हणून मी छोटा प्रोग्राम लिहिला. तो तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या यादीतून एकेक नाव वाचून ऑपरेटिंग सिस्टीमला हुकूम द्यायचा आणि त्या नावाचा फोल्डर तयार व्हायचा. आतली माहिती नंतर भरायची होती.

छावण्यांच्या पाहणीला मोठे सरकारी साहेब आले, तेव्हा चेअरमननी मला तो प्रोग्राम चालवायला लावला. पडद्यावर भराभर गावांची नावं उमटली.

"बघा साहेब, गावोगाव छावणी सुरू हाय!" चेअरमन म्हणाले.

दारात नांदूरघाटचे एक म्हातारे गुराखी उभे होते. "आमच्याकडं कुटं हाय? काल गाय मेली माजी."

"कॉम्प्युटरमदी हाय की, नाना!" चेअरमन म्हणाले. सगळे हसले, साहेबसुद्धा.

मला शिसारी आली. नांदूरघाटचा फोल्डर उघडून मी म्हटलं, "साहेब, आत काहीच नाही. तिथे छावणीच नाही."

साहेबांनी पडद्याकडे न बघता चहा संपवला आणि उशीर होतोय म्हणत ते निघून गेले.

"पोरी, तू बोललीस, लई झालं," नाना म्हणाले. "उरलेली जनावरं घेऊन जातो धारूरकडं, चाऱ्यासाठी."

तेव्हा मला नानांच्या त्या शब्दांचा अभिमान वाटला होता. आज किळस येते ती याचीच, की गाय मेलेल्या माणसाला आम्ही माझ्या नुसत्या बोलण्यावर समाधान मानायला लावलं.