एसी बंद करणारी मावशी

ऐंशीच्या दशकात नौपाड्यातल्या एका नर्सिंग होमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी एसी बसवला. तो थंड करत नाही, अशी डॉक्टरांची तक्रार तीनदा आली. तिसऱ्यांदा मला कारण सापडलं. पेशंट टेबलावर आला की तिथली मावशी एसी बंद करायची, आणि त्याला नीट पांघरूण घातल्यावरच पुन्हा लावायची.

मी भडकलो. "मावशी, माझं नाव खराब होतंय!"

"मशीन तुझं, पेशंट माझा. भूल दिलेल्या माणसाला हुडहुडीसुद्धा भरत नाही रे. आतल्या आत गार पडत जातो."

"मग निम्मा तरी चालू ठेवा."

"भाव करतोस? ही काय मासळी आहे?"

कोळीवाड्यातली बाई, घासाघिशीत मला हरवणारी एकटीच. सलाइनच्या बाटल्या ती कोमट पाण्यात ठेवायची आणि बाळाचं दूध तपासावं तशा मनगटावर लावून बघायची.

त्याच वर्षी तिथे माझ्या आईचं ऑपरेशन झालं. दाराच्या काचेतून मला आईचे उघडे पाय दिसले. मावशीने ते तळहातांनी चोळले, त्यांवर लोकरीचे मोजे चढवले. एसी तिने आधीच बंद केला होता.

पुढे डॉक्टरांनी पुन्हा तक्रार केली, तेव्हा मावशी शेजारीच उभी होती. तिच्यावरचा राग माझा अजून गेला नव्हता.

"माझ्या मशीनमध्येच दोष आहे, साहेब," मी म्हणालो.

धंद्यात हे वाक्य मी एकदाच बोललो, आणि तेही खोटं.