पट्टा घालवणारी आत्या

आमची आत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी दिव्यासमोर उभी राहायची आणि बोटं फाकवून हात भराभर हलवायची. टीव्ही चालू असला तर टीव्हीसमोरही. नव्या सोयऱ्यांना वाटायचं, बाई घराची दृष्ट काढायलीय. एका घरी तर सुनेनं मीठ-मोहऱ्या आणून दिल्या होत्या. खरं म्हणजे हलता हात सलग दिसतो की तुटक, एवढंच ती बघायची. तुटक दिसला तर तो उजेड लुकलुकतोय असं समजायचं. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं आणि मग चित्रात काळे पट्टे सरकत राहतात.

सेलूत तिचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. मामा, म्हणजे तिचे यजमान, वारल्यावर तिनं त्यांचा कॅमेरा खांद्यावर घेतला आणि तालुक्याची 'शूटिंगआत्या' झाली. नम्रपणा तिच्या गावीही नव्हता. नवरदेव लाजून खाली बघू लागला की सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणायची, "मान वर कर. लग्न तुझं हाय, दंड भरायला न्हाई आलास."

हे पट्ट्यांचं शास्त्र ती फजितीतून शिकली होती. पूर्वी एका कॉम्प्युटर क्लासच्या उद्घाटनाला तिनं पेटीएवढ्या जुन्या मॉनिटरचं शूटिंग केलं, तर कॅसेटभर काळे पट्टे खालून वर चढत होते. तिनं मालकाला न डगमगता सांगितलं, "हा इफेक्ट हाय." मालक इतका खूश झाला की भावाच्या लग्नातही तोच इफेक्ट मागू लागला. तेव्हापासून तिनं कॉम्प्युटरचा पडदा आणि कॅमेऱ्याचं उघडमीट करणारं शटर यांची सोयरीक जुळवायचा ध्यास घेतला.

स्पर्धा परीक्षांनी मला पुरतं ओळखल्यावर मी तिच्याकडे कामाला लागलो. मोबाईलवर शूटिंगचे धडे बघून बघून मी आधीच तज्ज्ञ झालो होतो. तज्ज्ञाला शोभेल असं खूप खिशांचं जाकीट घेतलं होतं. खिशांत ठेवायला काही नव्हतं, म्हणून एकात बडीशेप ठेवायचो.

तेवढ्यात ताडकळसचं लग्न आलं. नवरीची आई नांदेडच्या दवाखान्यात होती. मोठं ऑपरेशन झालेलं, उठायची परवानगी नाही. लग्न पुढं ढकलू, असं सगळे म्हणत होते, पण तिनंच निरोप धाडला, "माझ्यापायी तारीख मोडू नका. मला फोनवर दाखवा." मग नवरीच्या चुलतभावानं आपला कॉम्प्युटर आणून बोहल्यासमोर टेबलावर मांडला. व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर आई दिसू लागली. उशाला टेकलेली, कपाळाला मोठं कुंकू लावलेली. नवरीनं आत्याचा हात धरून एकच सांगितलं, "आत्या, कॅसेटमधी माझी आई नीट दिसू द्या. बाकी काही बी चुकलं तर चालंल."

आत्यानं हे काम माझ्यावर सोपवलं. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मॉनिटरवर कॅमेरा रोखला, तर आईच्या चेहऱ्यावरून काळा पट्टा खालून वर सरकायला लागला. एक गेला की दुसरा. मी आधी जनरेटरला दोष दिला, मग नेटवर्कला. चुलतभावाला म्हणालो, "तुमचा मॉनिटर जुना आहे." तो म्हणाला, "दिवाळीत घेतलाय."

आत्या नवरा-नवरीकडचा कॅमेरा स्टँडवर तसाच सोडून धावत आली. पडद्यासमोर हात हलवला आणि म्हणाली, "उजेड कमी ठिवलाय ह्याचा, म्हणून लुकलुकायलाय. पूर्ण वाढव. शटर कितीवर हाय?"

"हजारावर. सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटतंय," मी अभिमानानं म्हणालो.

"हजारावर? माय पळायलीय का तिथं? पडदा सेकंदाला साठदा चित्र बदलतो. तू त्याचं एक चित्र पुरं व्हायच्या आत डोळा मिटायलास. साठवर आण."

"आत्या, चेहरा पांढरा फटक पडेल."

"मग भिंगाचं तोंड बारीक कर. भांडू नको."

भांडण तरीही झालं. आमची चार हातांनी खटपट चालली असताना शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. आत्यानं मान वळवली आणि मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "गुरुजी, एक जास्तीचं म्हणा. पोरीच्या मायच्या तोंडावर पट्टा हाय."

गुरुजींनी मुकाट्यानं आणखी एक म्हटलं. मूठभर अक्षता आधीच उधळून बसलेले पाहुणे रिकाम्या मुठी घेऊन उभे राहिले. पट्टा मंदावला, पुसट झाला आणि गेला. आईचा चेहरा स्वच्छ दिसू लागला. 'सावधान'ला तिनं आशीर्वादाचा हात वर केला, तो आम्ही जसाच्या तसा टिपला. मी घाम पुसला आणि बडीशेप खाल्ली.

आई सुदैवानं बरी होऊन घरी आली. आम्ही दोघं लग्नाची फिल्म घेऊन ताडकळसला गेलो. कौतुक ऐकायला मी जाकीट घालूनच गेलो होतो. मला बघताच ती माउली हसायलाच लागली.

"ह्या जाकिटाला मी वळखते," ती म्हणाली. "बाई, खरं सांगू? मी लग्न बघितलंच न्हाई. मला तिथून निस्ते ह्यांचे खिसे दिसायलते. मंग तुमी आलात, आन् दोघं भांडायलात."

आईला लग्न दाखवणारा चिमुकला कॅमेरा मॉनिटरच्या वरच होता आणि आख्खं लग्न मी त्याच्यासमोर उभा होतो. तिचा तो आशीर्वाद माझ्या जाकिटाला मिळाला होता.

जमीन दुभंगली असती तर मी खिशांसकट आत गेलो असतो. आत्या मात्र जागची हलली नाही. "मग आता बघू," म्हणत तिनं फिल्म लावली आणि त्या बाईच्या शेजारी सतरंजीवर बसली. हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, सगळं थांबवून थांबवून दाखवलं. कोण रडलं, कोण रुसलं, भाजीत मीठ कसं होतं, तेही सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्या माउलीनं लेकीचं लग्न पोटभर बघितलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिनं आपसूक हात वर केला.

पुढं आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसेना, मग समोरचंही अंधुक झालं. तिनं स्टुडिओ माझ्या हवाली केला आणि लेकीकडं नाशिकला राहायला निघाली. मी तिला सोडायला सेलू स्टेशनवर गेलो. ती खिडकीशी बसली होती. हे क्षण जपायला हवेत, असा माझ्यातल्या तज्ज्ञाला उमाळा आला आणि मी मोबाईल तिच्यासमोर धरला.

"खाली घे ते," ती म्हणाली. "मला तुझं तोंड दिसंना."

मी हात खाली केला. गाडी हलेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली. मोबाईलचं रेकॉर्डिंग बंद करायचं मी विसरलो होतो. त्या दिवसाचं माझ्याकडं जे शूटिंग आहे, त्यात फलाटाची फरशी आहे आणि मधूनमधून नाक ओढल्याचा आवाज आहे. तो तिचा नाही.