सुखदेवनं कधीच न मागितलेलं रक्त

सुखदेव गेला त्या सकाळी मी दवाखान्यात त्याच्या खाटेजवळच बसलो होतो. पोटातला अल्सर फुटून आतल्या आत रक्त जात होतं. बाहेर त्याच्या गावाहून, दवनीवाड्याहून, जीपभर माणसं आली होती, धानाची कापणी अर्ध्यावर टाकून. सगळे निवडून आणलेले, 'ओ' गटाचे. रक्तपेढीतल्या मुलीनं त्यांना परत पाठवलं तेव्हा त्याचा चुलतभाऊ तिच्यावर चिडला. "ओ म्हणजे ओच ना बाई? मंग काऊन चालत नाही?" ते सगळे पॉझिटिव्ह होते आणि सुखदेव निगेटिव्ह. पूर्वी एका अपघातात नाइलाजानं त्याला पॉझिटिव्ह रक्त चढवलं होतं. शरीरानं ते परकं म्हणून ओळखून ठेवलं होतं. पुन्हा तेच दिलं तर आलेल्या पेशी ते फोडून टाकणार होतं.

त्या गर्दीत ओ निगेटिव्ह एकच माणूस होता. मी. आणि हे फक्त सुखदेवला ठाऊक होतं.

तो गोंदियातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होता. वीस वर्षांपूर्वी मी सहज चहाला गेलो असताना त्यानं गमतीत माझं बोट टोचलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात वेगळं औषध. कुठंच गुठळी झाली नाही. "अबे माधव, तू तं माह्यासारखाच निघाला," तो खुश होऊन म्हणाला. मी घाईनं बोट पुसलं. म्हटलं, कोणाले सांगू नको, लोकं मले सोडनार नाहीत. "कायले भेवून राहिला गा? म्हैस आहे का तू, रोज दोहाले?"

हसला, पण कुणाला सांगितलं नाही. सिकलसेलची लेकरं, अडलेल्या बाळंतिणी... निगेटिव्ह रक्तासाठी तो माझ्यासमोर बसून भंडारा, बालाघाट, नागपूर असे फोन लावत राहायचा आणि मी कपातल्या चहाकडे बघत असायचो. सुईची भीती होती, रक्त दिलं की अंगातला जोर जातो हा लहानपणापासूनचा समजही होता. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. त्यानं एकदाही माझ्याकडे नजर वळवली नाही.

त्या सकाळीही नाही. मी वाट बघत होतो, तो म्हणेल. म्हणाला असता तर उठलो असतो... असं मला वाटतं. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "चहा पेला का?" नागपूरहून रक्त निघालंय, असं कुणी तरी सांगितलं होतं, ते मी मनात घोकत बसलो. दीड तास. मग वहिनी तिसऱ्यांदा रक्तपेढीकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या मागे गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, माझं घ्या. रक्त काढलं, तपासण्या झाल्या, जुळवून पाहिलं. पिशवी वॉर्डात आली तेव्हा त्याच्या तोंडावर चादर ओढली होती. डॉक्टर म्हणाले, आधी मिळालं असतं तरी कदाचित वाचला नसता. त्या 'कदाचित'वर मी किती आठवडे काढले, ते माझं मला माहीत.

तेरवीला वहिनींना सगळं सांगितलं. त्या ताटं पुसत होत्या. "मले तवाच समजलं भाऊजी, तुमी उठले तवा," म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या.

त्याचा मोबाईल त्या अजून चार्ज करून ठेवतात. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीत त्याच्या खुर्चीवर बसतो, येणारे फोन घेतो. परवा सौंदडहून एका बाईचा आला, मुलीला ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. तीन महिने होईपर्यंत मला पुन्हा देता येत नाही. म्हणून त्याच्या मोबाईलमधले रक्तदात्यांचे नंबर लावत गेलो. चौथा माणूस 'बघतो' म्हणाला आणि गप्प झाला. ते गप्प होणं मी ओळखतो. सुखदेव अशा वेळी 'बरं' म्हणून फोन ठेवून द्यायचा. मी म्हटलं, भाऊ, भेव लागते ते मले मालूम आहे, मी येतो तुमच्यासंग... आणि फोन कानाला धरून बसलो.